तुमच्या जागी मी असतो तर

आमच्या कंपनीत शिव्या खायचं काम एका माणसाकडे होतं. कागदोपत्री त्या कामाला भारदस्त नाव होतं, पण ते नाव त्यांना स्वतःलाही धड पाठ नव्हतं. आम्ही फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवतो. ती बिघडतात, लोक फोन करतात, तक्रार विभागातल्या मुली फोन घेतात. एखाद्याचा राग हाताबाहेर गेला, मुलीचा आवाज रडवेला झाला, की ती एक बटण दाबायची आणि फोन या गृहस्थांकडे जायचा. त्यांना सगळे सॉरीकाका म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि तेही न रागावता 'बोला' म्हणायचे.

माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून, मध्ये प्लायची एक बुटकी भिंत. मी सुटे भाग बघते. बघते म्हणजे कुठला भाग गोदामात नाही ते सांगते. जो आहे त्याच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. त्यामुळे काकांच्या वाट्याला येणाऱ्या निम्म्या शिव्यांचं मूळ माझ्याच टेबलावर असायचं, पण त्यावरून ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मला याचा रागच यायचा. माणसाने थोडं तरी चिडावं.

फोन आला की काका पेन खाली ठेवायचे आणि उभे राहायचे. समोरच्याला ते दिसायचं नाही, तरीही. मग पलीकडून तोंडाचा पट्टा सुरू. काका मध्ये 'हो' नाही की 'हं' नाही. पट्टा दमून आपोआप थांबला की ते त्या माणसाची सगळी तक्रार त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगायचे: पाणी कसं बाहेरच्या खोलीपर्यंत गेलं, खालच्या मजल्यावरचे लोक कसे भांडायला वर आले. आणि मग ते वाक्य यायचं. "तुमचं अगदी बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर यापेक्षा जास्त बोललो असतो." इथे थांबायचे. बाटलीतून पाण्याचा घोट घ्यायचे, घसा हलकेच खाकरायचे, आणि आवाज एक पायरी खाली आणून विचारायचे, "आता सांगा, मी काय करू?"

या प्रश्नावर भलेभले विरघळायचे. वकिलाची नोटीस पाठवतो म्हणून गरजणारा माणूस शेवटी काकांना विचारायचा, "तुमचं जेवण झालं का?" मी माझ्या कानांनी ऐकलंय. फ्रिज तसाच बंद असायचा, भाग तसाच गोदामात नसायचा, पण माणूस फोन ठेवताना काकांचे आभार मानायचा.

संध्याकाळपर्यंत काका पार पिळून निघायचे. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या, त्यामुळे बसही एकच. बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे. कुणाचा धक्का लागला तर सॉरी हेच म्हणायचे. "थकवा अंगात नसतो हो," ते एकदा मला म्हणाले, "कानात असतो. घरी गेल्यावर कुणी नुसती हाक मारली तरी वाटतं, आता परत ऐकावं लागणार." हे ऐकून मला त्यांची कीव आली, आणि त्यांच्या बायकोची जास्त आली.

त्यांच्या बायकोला मी ताई म्हणते. ती घरी पडदे शिवते; आमच्या इमारतीतल्या एकूण एक खिडकीत तिच्या हातचं काम आहे. रोज सकाळी आम्ही दोघी फिरायला जातो. चालणं कमी आणि उखाळ्यापाखाळ्या जास्त. तिची नवऱ्याबद्दलची तक्रार एकच. "घरात यांच्याकडे शब्दच उरत नाही गं. दिवसभर परक्यांची समजूत काढतात आणि उंबरा ओलांडला की मुके." पण हे बोलून झालं की ती हमखास एक जुनी गोष्ट सांगायची, आणि त्या गोष्टीपाशी येऊन तिचा राग थांबायचा.

ती गोष्ट अशी. ताईचे वडील इस्पितळात होते. उन्हाळा, म्हणजे आमच्याकडे फ्रिजच्या तक्रारींचा नुसता पूर. ताईने सकाळपासून कंपनीत फोन लावले, काकांची लाइन दिवसभर चालूच. निरोप पोचेपर्यंत वडील गेले. काका धावत आले तेव्हा ती इस्पितळातल्या बाकावर एकटी बसली होती. तिने तोंडाला येईल ते सुनावलं. लोकांच्या फ्रिजसाठी वेळ आहे, माझ्या बापासाठी नाही. काका दारात उभे राहून सगळं ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझं अगदी बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर यापेक्षा जास्त बोललो असतो." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. कसंबसं विचारलं, "आता सांग, मी काय करू?" ताई बाकावर जराशी सरकली आणि म्हणाली, "बसा."

"त्या दिवशी त्यांचा घसा दाटून आला होता," ताई म्हणायची. "ते बघितलं आणि मी सगळं सोडून दिलं. अजूनही मुके बसले की मला तेच आठवतं. मग मी काही बोलत नाही."

मी ऐकून घ्यायचे. हेच वाक्य शेजारच्या टेबलावरून मला दिवसभर ऐकू येतं, हे तिला सांगून कुणाचं भलं होणार होतं? तिचा संसार त्या वाक्यावर उभा होता आणि चांगला उभा होता.

आता यंत्रांची कथा. आमच्या कंपनीत दर काही वर्षांनी वरच्या मजल्यावरून एक नवा शब्द खाली येतो. मी लागले तेव्हा संगणक नवे होते. फायली सांभाळणारे एक आजोबा तो पडदा बघून घरी गेले ते परत आलेच नाहीत. मग फोनवर 'तक्रारीसाठी एक दाबा' आलं. लोक एक दाबायचे, दोन दाबायचे, वैतागून सगळीच बटणं दाबायचे आणि रागाला धार लावून शेवटी काकांकडेच यायचे. मग वेबसाइटच्या कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्याची एक चौकट आली. तिला 'फ्रिज थंड होत नाही' असं लिहिलं की ती तुम्हाला नवा फ्रिज दाखवायची. प्रत्येक वेळी आम्हाला सभागृहात जमवायचे, पडद्यावर वर चढत जाणारी रेघ दाखवायचे आणि केक कापायचे. प्रत्येक केकनंतर एखाददुसरं टेबल रिकामं व्हायचं. बाकीचे आम्ही बोटं पुसून जागेवर येऊन बसायचो. यंत्रं आली नि गेली, सॉरीकाका राहिले, कारण त्यातल्या एकाही यंत्राला शिव्या खाता येत नव्हत्या.

मग बोलणारं यंत्र आलं. त्याला खाता येत होत्या.

ते बसवायला जी मुलगी आली तिला आम्ही डॅशबोर्डबाई नाव ठेवलं, कारण दर दोन वाक्यांनंतर तिच्या तोंडी तोच शब्द. पोर हुशार आणि वागायला साधी. तिचा राग करायचा मी मनापासून प्रयत्न केला, जमलं नाही. पहिल्याच दिवशी ती काकांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. "काका, तुमच्याकडे आलेला ग्राहक सगळ्यांत लवकर शांत होतो. डॅशबोर्डवर दिसतंय. आम्हाला तुमच्याकडून शिकायचंय." इतक्या वर्षांत काकांना कुणी असं म्हटलं नव्हतं. माणूस चक्क लाजला.

'सेवेच्या दर्जासाठी हा फोन रेकॉर्ड होत आहे' असं जे सांगतात ते आमच्याकडे खरंच होतं. काकांचे वर्षानुवर्षांचे फोन साठवलेले होते. ते सगळे त्या यंत्राला ऐकवले. मग काकांना नवा हेडफोन दिला आणि नवं काम दिलं: यंत्राने मागितलेल्या माफ्या ऐकायच्या आणि त्यांना गुण द्यायचे. काका मान तिरकी करून ऐकायचे. "इथे घाई करतंय," म्हणायचे. "समोरचा अजून रागात आहे. थांबायला शिकवा त्याला." डॅशबोर्डबाई मान डोलवायची. हळूहळू यंत्र थांबायला शिकलं.

मी म्हटलं, "काका, स्वतःच्या हाताने खुर्ची काढून देताय त्याला."

"घेऊ दे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी खाल्ल्या, आता त्याने खाव्यात. त्याला निदान संध्याकाळी घरी जायचं नसतं."



यंत्राला एका तरुण बाईचा आवाज दिला. गोड, पण लाडिक नाही. केक कापला. ती एका वेळी शेकडो लोकांचं ऐकून घ्यायची, सुट्टीच्या दिवशीही, आणि तिला जांभई म्हणून येत नव्हती. वरच्या मजल्यावर समाधानाची रेघ वर चढली. तक्रार विभागातल्या निम्म्या मुलींना 'दुसरीकडे संधी' दिली, म्हणजे घरी पाठवलं. उरल्या त्यांना यंत्राला न झेपलेल्या तक्रारी वाचायला बसवलं. काकांकडे निवृत्तीपर्यंत गुण द्यायचं काम राहिलं. आता त्यांच्यावर कुणी ओरडत नव्हतं, त्यामुळे ते दिवसभर बसूनच असायचे. थकवा मात्र गेला नाही. बसमध्ये तेच डोकं त्याच खिडकीला टेकलेलं.

हे यंत्र विकणाऱ्यांनी ते फक्त आम्हालाच विकलं असं नाही. एकदा माझं बँकेचं कार्ड अडकलं. फोन करून मी जरा आवाज चढवला, तर पलीकडून, "तुमच्या जागी मी असते तर यापेक्षा जास्त बोलले असते." मग ते थांबणं. मग घसा खाकरणं. यंत्राला कसला आलाय घसा? पण होता. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, तेही हसले. "बँकेत नोकरी लागली म्हणायची मला," म्हणाले. यात हसण्यासारखं काही नव्हतं हे आम्हाला पुढे कळलं.

काकांच्या घरचा फ्रिज बंद पडला. फ्रिज अर्थातच आमच्याच कंपनीचा. ताईने सांगितलं, काका म्हणाले, "बघतो." परत सांगितलं, म्हणाले, "उद्या बोलतो." कंपनीतल्या माणसाच्या घरची तक्रार कंपनीत सगळ्यांत शेवटी पोचते. दूध नासलं, भाज्या सडल्या, आणि एका दुपारी ताईने हातातलं कापड बाजूला सारून स्वतःच कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना ती माझ्यापुढे भराभर चालत राहिली. बागेला वळसा घालून झाला तेव्हा बाकावर बसली आणि म्हणाली, "काल फ्रिजसाठी फोन केला होता."

"कुणी घेतला?"

"तुमच्या त्या यंत्रातल्या बाईने. मी भडकलेच होते. घरातलाच माणूस कंपनीत आणि घरातच ही तऱ्हा, काय वाट्टेल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमचं अगदी बरोबर आहे. तुमच्या जागी मी असते तर यापेक्षा जास्त बोलले असते." ताईने माझ्याकडे बघितलं. "आणि थांबली. घसा खाकरला. मग म्हणाली, आता सांगा, मी काय करू."

मी वाकून बुटाची नाडी परत बांधू लागले.

"तेवढाच वेळ थांबली गं," ताई म्हणाली. "बरोब्बर तेवढाच. आणि मी समजत होते यांचा घसा दाटून आला होता. ती ऑफिसातली पद्धत होती. माझा बाप आत पडला होता आणि यांनी मला गिऱ्हाइकासारखं गप्प केलं."

"तसं नसेल ताई."

"तुला माहीत होतं?"

"वाक्य माहीत होतं," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "शेजारीच बसते मी."

ती उठली आणि माझ्यासाठी न थांबता घरी गेली. त्या दिवसापासून सकाळी मी एकटीच बागेला वळसे घालू लागले.

घरात तिने भांडण केलं नाही. केलं असतं तर काकांना जमलं असतं, त्यात त्यांचा हातखंडा. तिने फक्त सांगितलं, "मी लेकीकडे जाते. परत यायचं की नाही ते तिकडे गेल्यावर ठरवीन." लेक दूरच्या शहरात, तिला आईची खोली तयार करायला कितीसा वेळ. ताईने हातातले पडदे भराभर शिवून दिले, नवीन काम घेतलं नाही, आणि शिलाई मशीनवर चादर टाकली. आजारपणातही तिने त्या मशीनवर कधी चादर टाकली नव्हती. ती चादर बघून काका घाबरले.

ऑफिसात आले ते सरळ प्लायच्या भिंतीवर हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. "तिला वाटतं, मी ऑफिसातलं वाक्य तिला ऐकवलं," ते म्हणाले. "उलट आहे हो. आधी तिलाच म्हटलं होतं ते. इस्पितळात. ठरवून काही गेलो नव्हतो. घसाही खरंच दाटला होता. मग परत कामावर आलो, पहिलाच फोन आला, आणि कंपनीने दिलेलं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. हेच निघून गेलं. तो माणूस एकदम शांत झाला. म्हणून पुढच्यालाही म्हटलं."

"आणि ते पाणी पिणं?"

"घसा काही रोज दाटत नाही ना," काका म्हणाले. "थांबायचं तर काहीतरी करायला हवं."

मला आठवलं. काकांचे सासरे जायच्या आधी ते फोनवर बसूनच बोलायचे आणि आम्हा सगळ्यांसारखंच 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणायचे. त्या सुट्टीवरून परतले त्या दिवशी ते पहिल्यांदा फोनवर उभे राहिले होते. पाय आखडले का, असं मी विचारल्याचंही मला आठवलं.

"मग हे तिला सांगा की."

"सांगितलं. ती म्हणाली, हेही छान बोलता तुम्ही."

यात ताईचं काय चुकलं? माणसाने जन्मभर समजूत घालायचा धंदा केला, की त्याच्या खऱ्या बोलण्यालाही धंद्याचा वास येतो. मला काकांचं पटत होतं आणि ताईचंही पटत होतं, आणि दोघांचाही सारखाच वैताग आला होता.

काका डॅशबोर्डबाईकडे गेले. सोबत मला ओढलं. "तेवढं एक वाक्य काढून टाका यंत्रातून," ते म्हणाले.

"का हो काका? सगळ्यांत चांगलं तेच चालतंय."

"माझं आहे ते. म्हणजे माझंही नाही. बायकोचं आहे."

पोर हसली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगते. तिने पडद्यावरून नजर काढली आणि नीट समजावलं. "काका, ते वाक्य असं कुठे एका जागी ठेवलेलं नसतं. तुमचे फोन ऐकून ऐकून यंत्र तसं बोलायला लागलंय. मी ते शब्द अडवू शकते. मग ते तेच दुसऱ्या शब्दांत म्हणेल. थांबेल मात्र तसंच. ते थांबणं सगळीकडे मुरलंय."

"आणि बँकेत वगैरे?"

"तिथे तर माझं काहीच चालत नाही." मग ती म्हणाली, "सॉरी काका," आणि समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायली.

बसमध्ये काका डोळे मिटून म्हणाले, "आमटीत पडलेलं मीठ परत मागायला गेलो मी."

ताईची गाडी ठरली. आदल्या संध्याकाळी तिने मला खाली बोलावलं, तिच्या कुंड्यांना पाणी कसं घालायचं ते सांगायला. आमच्यात बोलणं तेवढंच उरलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार वास येऊ नये म्हणून सताड उघडं. त्याला लागणारा भाग गोदामात नव्हता, हे सांगायचं कामही माझंच होतं. काका टेबलाशी बसून टेबलाकडे बघत होते.

मला राहवलं नाही. "ताई, ते खरं सांगताहेत. त्याआधी ते फोनवर कधी उभे राहायचे नाहीत. मी बघितलंय."

"तू त्यांच्या शेजारी बसतेस," ती न चिडता म्हणाली. "तू त्यांचीच बाजू घेणार. आणि असेल खरं, तरी काय गं? एक दिवस खरं होतं. पुढे जगाला वाटत बसले. माझ्याकडे काय राहिलं?"

काका उभे राहिले. सवयीने. तोंड उघडलं.

"नका," ताई म्हणाली. "तुम्ही जे म्हणाल ते आता कुणीतरी आधीच ऐकलेलं असेल."

त्यांनी तोंड मिटलं. तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. घरी ते फोन कानाला लावत नाहीत, कान दुखतात म्हणून, स्पीकरवर टाकतात. तसाच टाकला.

"नमस्कार," तो गोड आवाज म्हणाला. "आपल्या फ्रिजच्या तक्रारीबद्दल. उद्या येणारे मेकॅनिक काही कारणाने येऊ शकणार नाहीत. नवीन तारीख आपल्याला लवकरच कळवण्यात येईल."

"परत?" काका म्हणाले. अगदी हळू. "दर वेळी हेच सांगता तुम्ही."

 मग आवाज एक पायरी खाली आला. "तुमचं अगदी बरोबर आहे. तुमच्या जागी मी असते तर यापेक्षा जास्त बोलले असते."

आणि ती थांबली. आम्ही तिघंही त्या थांबण्यात उभे होतो. पलीकडे हलकेच घसा खाकरला गेला.

"नव्हतीस तू," काका म्हणाले.

"आता सांगा, मी काय..."

"तू नव्हतीस माझ्या जागी!" या माणसाचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "मी होतो! दारात मी उभा होतो! ती बाकावर एकटी बसली होती आणि मी उशिरा पोचलो होतो! तू कुठे होतीस? तुझं कोण गेलं होतं? आणि घसा काय खाकरतेस? घसा आहे तुला?"

"आपली नाराजी मी समजू शकते."

"काही समजत नाही तुला! तिचं होतं ते! तिला म्हटलं होतं मी! आणि मूर्खासारखा तेच घेऊन ऑफिसात गेलो! एकदा चाललं म्हणून रोज वापरलं! वापरून वापरून चोथा केला आणि तुला भरवला! आता परत मागतो तर म्हणतात निघत नाही! द्या माझं परत! सगळी रेकॉर्डिंगं घ्या, नोकरी घ्या, तेवढं परत द्या!"

पुढे शिव्या होत्या. इतक्या वर्षांत ऐकलेल्या, एकूण एक पाठ झालेल्या. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. यंत्र अदबीने ऐकत होतं, मध्ये 'हो' नाही की 'हं' नाही, काकांनी शिकवलं होतं तसं. काका दमून थांबले तेव्हा ते त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत त्यांना परत सांगू लागलं. "म्हणजे आपण दारात उभे होता, आणि त्या बाकावर एकट्या बसल्या होत्या..."

ताईने पुढे होऊन फोन बंद केला.

काका उभेच होते. नाक वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. काहीतरी बोलायला गेले, आवाज फुटला नाही. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, त्याकडे त्यांचा हात गेला नाही. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग सोफ्यावर बसली आणि जराशी सरकली.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. मी माझी चप्पल शोधून निघाले. कुंड्यांचं सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी जिना उतरले तर दुसऱ्या मजल्यावर ताई दारात बूट घालत होती. तिच्या गाडीची वेळ केव्हाच होऊन गेली होती. दाराशी ठेवलेली बॅग आत गेलेली दिसली. आम्ही निघालो. बागेच्या फाटकाशी पोचलो.

"घसा बसलाय त्यांचा," मग ती म्हणाली. "आवाजच निघत नाही. गुळण्या करायला सांगून आलेय."

"मग कामावर?"

"आज नाही जाणार." आम्ही वळणावर आलो. "इतकी वर्षं दिवसभर बोलत होते लोकांशी," ती म्हणाली, "कधी बसला नव्हता."